अडत्याची खतावणी

बाजार समितीच्या आवारात पहाटे कांद्याच्या शंभर गोणी उतरतात, दुपारपर्यंत त्यांचा लिलाव पुरा होतो, शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते, आणि दिवेलागणीला अडत्या आपल्या पेढीवर बैठक मारून रोजकीर्द लिहावयास घेतो, तेव्हा त्या दिवशी त्याच्या हातांतून लाख रुपये फिरले असले तरी आपण लाख रुपये मिळविले, असे तो स्वतःशीदेखील म्हणत नाही. लाख रुपये कांद्याचे. त्याची स्वतःची म्हणून काय ती ठरलेली अडत. (ही अडत पूर्वी माल आणणाऱ्याकडून कापली जात असे; भाजीपाल्याच्या व्यवहारात २०१६ पासून महाराष्ट्र सरकारने ती खरेदीदाराच्या माथी घातली आहे. परंतु अडत कोणी द्यावयाची हा प्रश्न निराळा आणि अडत म्हणजे काय हा निराळा.) उलाढाल आणि उत्पन्न यांतील हा भेद पेढीवरच्या नवशिक्या मुनिमालाही समजावून सांगावा लागत नाही. नवल असे की, हाच व्यवहार कांद्याऐवजी मोटारीच्या भाड्याचा झाला आणि पेढीच्या जागी मोबाइलचा पडदा आला की भल्याभल्यांना त्याचा विसर पडतो, आणि ‘अमुक कंपनीचे उत्पन्न एका वर्षात ऐंशी टक्क्यांहून अधिक वाढले’ एवढा मथळा वाचून तिच्या मोटारीही तेवढ्याच वाढल्या असाव्यात, अशी आपली समजूत होऊन बसते.

ज्या कंपनीची वही आपण या प्रकरणात उघडणार आहोत ती उबर होय. गॅरेट कॅम्प आणि ट्रॅव्हिस कलानिक यांनी २००९ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे ती स्थापन केली, तेव्हा तिचे नाव ‘उबरकॅब’ असे होते. पुढल्याच वर्षी, २०१० च्या ऑक्टोबरात, परवान्यावाचून टॅक्सीचा धंदा चालविल्याबद्दल तेथील अधिकाऱ्यांनी तिला मनाईहुकूम बजावला. त्यावर कंपनीने धंदा तर थांबविला नाहीच, पण नावाच्या शेवटची ‘कॅब’ ही दोन अक्षरे मात्र तत्परतेने कापून टाकली. या दोन अक्षरांना पुढील दहा वर्षांच्या इतिहासात फार मोठे मोल येणार होते. आम्ही टॅक्सी चालवीत नाही, गाडीवाला आणि प्रवासी यांची गाठ घालून देतो आणि त्या गाठीची दलाली घेतो, अशी जी भूमिका कंपनीने जगभरच्या कचेऱ्यांत आणि न्यायालयांत हिरिरीने मांडली, तिचे बीज त्या नामांतरातच होते. आपण अडते आहोत, हे तिचे म्हणणे होते. आणि जो स्वतःस अडत्या म्हणवितो त्याने आपल्या वहीत अडतच उत्पन्न म्हणून लिहिली पाहिजे, हेही त्याबरोबर ओघानेच आले.

म्हणून या कंपनीच्या आर्थिक अहवालात दोन आकडे नेहमी जवळजवळ उभे असतात. पहिला आकडा प्रवाशांनी आणि जेवण मागविणाऱ्यांनी मोजलेल्या एकंदर रकमेचा, कर आणि टोलनाक्याची पट्टी यांसुद्धा. त्यास आपण उलाढाल म्हणू. त्यातून चालकाची मिळकत, उपाहारगृहाचे देणे, सवलती आणि प्रोत्साहनाच्या रकमा वजा जाता जे शिल्लक राहते, ते उत्पन्न. कंपनीने समभाग विक्रीस काढले त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१८ मध्ये, उलाढाल ४९.८ अब्ज डॉलर होती आणि उत्पन्न ११.२७ अब्ज. अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील आकडे फारसे डोईजड होणार नाहीत.

त्या विक्रीचा मुहूर्त मोठासा शुभ ठरला नाही. लिफ्ट या अमेरिकेतील प्रतिस्पर्धी कंपनीने मार्च २०१९ मध्ये ७२ डॉलरांनी आपले समभाग विकले होते आणि त्यांचा भाव थोड्याच दिवसांत घसरणीस लागला होता. उबरच्या विक्रीला दोन दिवस उरले असता, ८ मे रोजी, निरनिराळ्या शहरांतील चालकांनी गाड्या बंद ठेवून आपले गाऱ्हाणे चव्हाट्यावर मांडले होते. आणि अशा वातावरणात १० मे २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या समभाग बाजारात ४५ डॉलर दराने विकला गेलेला समभाग उघडतानाच ४२ डॉलरांवर आला आणि संध्याकाळी ४१.५७ वर स्थिरावला. कंपनीच्या तिजोरीत ८.१ अब्ज डॉलर आले खरे, परंतु ज्यांनी ते दिले त्यांची पहिलीच रात्र तोट्यात गेली. वस्तुतः त्यांना फसविले असे म्हणता येणार नाही. विक्रीपूर्वी दाखल केलेल्या दस्तऐवजात आपल्याला कदाचित कधीच नफा होणार नाही असा इशारा कंपनीने स्वच्छ लिहिला होता, आणि प्रवासी वाहतुकीच्या उलाढालीपैकी जवळजवळ चौथा हिस्सा लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सान फ्रान्सिस्को, लंडन आणि साओ पावलो या अवघ्या पाच महानगरांतून येतो, ही गोष्टही लपविली नव्हती. जिला सारे जग व्यापणारी कंपनी म्हणून नावाजले जात होते तिचा पाव भार पाच खांबांवर उभा होता.

ज्या तिमाहीत ही विक्री झाली त्याच तिमाहीसाठी कंपनीने ५.२४ अब्ज डॉलरांचा तोटा जाहीर केला, तेव्हा वृत्तपत्रांत एकच गहजब उडाला. परंतु त्यातील सुमारे ३.९ अब्ज हा सेवकांना पूर्वीच कबूल केलेल्या समभागांचा खर्च होता. विक्री झाली की तो वहीत उतरवावा असा करार होता आणि त्याप्रमाणे तो एकदम उतरला. रोख पैसा त्या दिवशी कोठे गेला नव्हता. तरीही वर्षाअखेर ८.५ अब्जांची खोट उरली. तिचे मूळ कारण असे की, कंपनीचा विस्तार फार मोठ्या अंशी विकत घेतलेला होता. प्रवाशाला अर्ध्या भाड्यात न्यावयाचे, चालकाला भाड्यापेक्षा अधिक द्यावयाचे, आणि मधली खोट गुंतवणूकदारांच्या थैलीतून भरून काढावयाची, हा क्रम वर्षानुवर्षे चालला होता. चीनमध्ये हा खेळ न परवडल्यामुळे २०१६ मध्ये तेथील कारभार दीदी या कंपनीच्या स्वाधीन करून, आणि २०१८ मध्ये आग्नेय आशियातील कारभार ग्रॅबला सोपवून, उबरने प्रदेशाच्या बदल्यात समभाग घेतले होते. मुलूख सोडावा आणि चौथाईचा हक्क राखावा, असा काहीसा तो तह होता. या हक्काची किंमत पुढे कागदावर कशी वरखाली झाली, ते यथाक्रम येईलच.

आता हिश्श्याचा विचार करू, कारण या साऱ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे. शिवकालीन व्यवस्थेचे वर्णन करताना सभासद या बखरकाराने पिकाचे पाच भाग कल्पून तीन रयतेस आणि दोन दिवाणात, असे प्रमाण नोंदविले आहे. उबरच्या दिवाणात २०१८ साली शंभरांतील साधारण साडेबावीस भाग येत होते. आकड्यावरून ही वसुली सौम्य वाटते. परंतु गाडी, तिचा हप्ता, पेट्रोल, टायर, दुरुस्ती हा सारा खर्च रयतेच्याच भागातून व्हावयाचा असतो, आणि दुष्काळात सूट देणारा दिवाणही येथे नसतो, हे लक्षात घेतल्यावाचून तुलना पुरी होत नाही. शिवाय हा हिस्सा स्थिर नाही. मागणी वाढली की भाडे वाढते, चालक कमी पडले की प्रोत्साहनाची रक्कम वाढते, आणि प्रोत्साहन वाढले की कंपनीचे उत्पन्न घटते. शेतसाऱ्यासारखी एकदा ठरवून तीस वर्षे चालविलेली ही जमाबंदी नव्हे; तिची फेरपाहणी दर मिनिटाला होत असते.

येथे एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१९ चे उत्पन्न कंपनीने प्रथम १४.१५ अब्ज डॉलर म्हणून छापले. त्यानंतरच्या वर्षांच्या ताळेबंदांत तुलनेसाठी तेच वर्ष पुन्हा छापले गेले तेव्हा तो आकडा १३ अब्जांवर आला होता. मधल्या काळात एकही फेरी रद्द झाली नव्हती, एकाही प्रवाशाने पैसे परत मागितले नव्हते. खर्चाच्या आणि उत्पन्नाच्या रकमा कोणत्या सदरात मांडाव्या, याची वर्गवारी तेवढी बदलली होती. ही घट जवळजवळ सगळीच जेवण पोचविण्याच्या खात्यावर पडली: आधी अडीच अब्ज दिसणारे त्याचे उत्पन्न १.४ अब्ज झाले. झालेले वर्ष पुन्हा लिहिता येते, ही गोष्ट इतिहासकारांस ठाऊक असते; हिशेबनीसांस ती त्यांच्याही आधी ठाऊक असावी.

त्यानंतर २०२० साल उजाडले. मार्चमध्ये महामारीमुळे माणसे घरांत कोंडली गेली आणि १८ मार्च रोजी उबरचा समभाग १५ डॉलरांच्या खाली बंद झाला. एप्रिलात प्रवासी फेऱ्या पाचांतील एक एवढ्याच उरल्या. मे महिन्यात दोन हुकूम सुटले आणि सुमारे ६,७०० सेवकांची नोकरी गेली. कलानिक यांच्यानंतर २०१७ मध्ये एक्स्पीडिया या प्रवास-आरक्षणाच्या कंपनीतून आलेले दारा खोसरोशाही त्या वेळी कारभार पाहत होते. उडत्या टॅक्सी, स्वयंचलित मोटारी अशा ज्या खर्चिक मनोराज्यांवर कंपनीचा लौकिक पोसला गेला होता ती एकामागून एक त्यांनी विकून टाकली, आणि जे खाते आजवर दुय्यम समजले जात होते त्याच्या आधाराने गाडा पुढे ढकलला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत प्रवाशांची उलाढाल पाऊण हिश्श्याने आटून ३ अब्जांवर आली, तर घरपोच जेवणाची उलाढाल दुपटीहून अधिक वाढून ७ अब्जांच्या घरात गेली. गाडीतून माणसाऐवजी बिर्याणीचा डबा जाऊ लागला, एवढाच खरोखर फरक. परंतु तेवढ्या फरकाने कंपनी तरली. २०२० च्या अखेरीस २.६५ अब्ज डॉलरांना ठरलेल्या सौद्यात तिने पोस्टमेट्स ही प्रतिस्पर्धी कंपनी गिळली. याच वर्षाच्या आरंभी, महामारीची चाहूल लागण्याच्या थोडे आधी, भारतातील घरपोच जेवणाचा आपला व्यवसाय तिने झोमॅटोला देऊन त्या कंपनीचे ९.९९ टक्के समभाग घेतले होते. सुगीच्या तोंडावर शेत विकावे, असा हा योग होता. पण भारतात त्या शेतातून पीक येण्यापेक्षा बियाणेच अधिक जात होते, हेही तितकेच खरे.

जेवणाच्या व्यवहारात अडत दोन बाजूंनी मिळते. उपाहारगृह आपल्या बिलातून हिस्सा देते, आणि खाणारा पोचविण्याचे शुल्क निराळे मोजतो. संकटाच्या काळात उपाहारगृहांनी या हिश्श्याविरुद्ध एवढा आक्रोश केला की, सान फ्रान्सिस्को नगरीने, जेथे ही कंपनी जन्मली तेथेच, एप्रिल २०२० मध्ये त्याची कमाल मर्यादा १५ टक्के ठरविली, आणि इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. तरीसुद्धा २०२१ मध्ये या खात्याचे उत्पन्न ८.३६ अब्ज झाले आणि प्रवासी वाहतुकीच्या ६.९५ अब्जांना त्याने मागे टाकले. टॅक्सीच्या नावाने ओळखली जाणारी कंपनी त्या वर्षी हिशेबाच्या दृष्टीने खानावळीचे डबे पोचविणारी कंपनी होती.

आणि मग आले २०२२, ज्या वर्षासाठी हे प्रकरण लिहावयास घेतले ते. त्या वर्षी उत्पन्न १७.४६ अब्जांवरून ३१.८८ अब्जांवर गेले. वाढ ८३ टक्के. मथळे याच आकड्याचे झाले. परंतु शेजारच्या ओळीत, जेथे फारसे कोणी पाहत नाही तेथे, उलाढाल ९०.४ अब्जांवरून ११५.४ अब्जांवर गेली होती; वाढ २८ टक्के. कांद्याच्या गोणी सव्वापटीहून किंचित अधिक झाल्या आणि अडत मात्र जवळजवळ दुप्पट. शंभरांतील १९ भाग घेणारा दिवाण एका वर्षात साडेसत्तावीस भाग घेऊ लागला, असा याचा सरळ अर्थ कोणी करील, आणि तो अर्धवट चुकेल.

या कोड्याचा पहिला उलगडा मालवाहतुकीत आहे. ट्रकवाल्यांना माल मिळवून देणारे उबरचे एक खाते आहे. तेथे कंपनी अडत्या म्हणून उभी राहत नाही, मालधन्याशी स्वतःच्या नावाने करार करते आणि ट्रकवाल्याला आपण पैसे देते, म्हणून तेथील सबंध उलाढालच उत्पन्न म्हणून लिहिली जाते. २०२१ च्या नोव्हेंबरात २.२५ अब्ज डॉलरांना ट्रान्सप्लेस ही कंपनी विकत घेतल्यामुळे या खात्याचा आकडा २.१३ अब्जांवरून ६.९५ अब्जांवर गेला. म्हणजे वाढीतील सुमारे पावणेपाच अब्ज येथेच संपले. हे खाते दोन्ही वर्षांतून वगळले तर उत्पन्नाची वाढ ६३ टक्के उरते आणि उलाढालीची २३.

दुसरा उलगडा अधिक रंजक आहे, कारण त्यात कंपनीचा एक पराभव तिच्या वैभवात भर घालून जातो. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उबरचे चालक स्वतंत्र धंदेवाईक नव्हेत. किमान वेतन आणि भरपगारी रजा मिळण्यास पात्र असे ते कामगार आहेत. भाडे कंपनी ठरविते, कराराच्या अटी कंपनी ठरविते, चालकाने फेरी नाकारली तर शासन कंपनी करते. असे असताना आम्ही केवळ मध्यस्थ हा तिचा दावा न्यायमूर्तींस पटला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील उच्च न्यायालयाने लंडनपुरते असेही सांगितले की, प्रवाशाशी करार चालकाचा नसून कंपनीचाच असला पाहिजे. सान फ्रान्सिस्कोत कापून टाकलेली ती दोन अक्षरे लंडनच्या न्यायालयाने जणू परत चिकटवली. परिणामी मार्च २०२२ पासून ब्रिटनमधील प्रत्येक फेरीचे संपूर्ण भाडे उबरचे उत्पन्न झाले, आणि चालकाची मिळकत, जी आजवर उत्पन्नाच्या आधीच वजा होत असे, ती खर्चाच्या सदरात जाऊन बसली. प्रवासी तोच, रस्ता तोच, भाडेही तेच. अडत्याचा व्यापारी झाला आणि वहीतील रक्कम फुगली. या बढतीचे मोलही द्यावे लागले, कारण स्वतः सेवा विकणाऱ्यावर मूल्यवर्धित कराचा बोजा येतो. त्या वादापोटी कंपनीने २०२२ मध्ये ब्रिटिश खजिन्यात ६१.५ कोटी पौंड भरले.

तिसरे कारण मागील वर्षाच्या पोटात दडलेले होते. २०२१ मध्ये संसर्गाच्या भयाने घरी बसलेले चालक परत यावेत म्हणून कंपनीने अमेरिकेत २५ कोटी डॉलरांच्या प्रोत्साहनाची घोषणा केली होती, आणि ब्रिटनच्या निर्णयामुळे चालकांना द्यावयाच्या मागील देण्यापोटी ६० कोटी डॉलर त्या वर्षाच्या उत्पन्नातून आधीच कापून ठेवले होते. पाया खचलेला असला की त्यावरील भिंत आहे त्याहून उंच दिसते.

माझ्या मते या कंपनीच्या वाढीचे खरे मोजमाप हवे असेल तर उत्पन्नाची ओळ झाकून उलाढालीची ओळ वाचावी. २०१८ ते २०२४ या सहा वर्षांत ती ४९.८ अब्जांवरून १६२.८ अब्जांवर गेली, म्हणजे सव्वातीनपट झाली, आणि त्यांतील एक वर्ष सगळे जग दाराला कडी लावून बसले होते. फेऱ्यांची आणि डब्यांची मिळून संख्या सुमारे ५ अब्जांवरून ११ अब्जांवर पोचली. ही वाढ अस्सल आहे; तिला हिशेबाच्या अलंकारांची गरज नव्हती. २०२४ चे उत्पन्न ४३.९८ अब्ज झाले. त्यांतील २५ अब्ज प्रवासी वाहतुकीचे, पावणेचौदा अब्ज जेवण व किराण्याचे आणि बाकीचे मालवाहतुकीचे. २०१९ मध्ये १.४ अब्ज असलेले जेवणाचे खाते पाच वर्षांत जवळजवळ दसपट झाले, हा या साऱ्या वहीतील सर्वांत बोलका आकडा मी समजतो.

चालकाच्या बाजूने पाहिले असता मात्र ही वही वाचावयास कठीण आहे. पूर्वी प्रवाशाच्या भाड्यातून ठरावीक टक्के कापले जात, तेव्हा चालक बोटांवर हिशेब करू शकत असे. पुढे प्रवाशाला फेरीआधीच एक रक्कम सांगण्याची पद्धत आली, आणि २०२२ पासून अमेरिकेत चालकालाही फेरीआधी एक रक्कम दाखविण्याची रीत बहुतेक ठिकाणी पसरली. परंतु या दोन रकमांमध्ये ठरावीक प्रमाणाचे नाते उरले नाही. एका फेरीत कंपनीकडे शंभरांतील दहा राहतील, दुसरीत चाळीस. अडतीचा दर पेढीवर लावलेल्या पाटीवरून उतरला आणि यंत्राच्या पोटात गेला. कंपनीचे उत्तरही ऐकून घेतले पाहिजे: अमेरिकेत प्रवाशांचा विमा तिला उतरवावा लागतो, तो खर्च तेथे अतोनात वाढला आहे, आणि तिच्या हिश्श्यातील मोठा तुकडा विमा कंपन्यांच्या घरी जातो. हे उत्तर खोटे नाही. पण ज्या अडतीचा दर माल आणणाऱ्यास ठाऊक नाही तिला अडत म्हणावे की नाही, असा प्रश्न आमच्या बाजार समितीतील कोणताही शेतकरी विचारील.

नफ्याची हकिकत थोडक्यात आटोपतो, कारण तीत गंमत अधिक आणि सार कमी आहे. २०२२ मध्ये ९.१ अब्जांचा तोटा झाला. त्यांतील सुमारे ७ अब्ज हा दीदी, ग्रॅब आणि स्वयंचलित मोटारींची ऑरोरा अशा कंपन्यांतील समभागांचे बाजारमोल घसरल्याचा कागदी तोटा होता. मुलूख सोडून घेतलेला तो चौथाईचा हक्क असा अंगाशी आला. २०२४ मध्ये ९.९ अब्जांचा नफा झाला, त्यांतील ६.४ अब्ज हा मागील तोट्यांमुळे पुढे वाचणाऱ्या कराचा कागदी लाभ होता. या दोन्ही लाटा बाजूस सारल्या तर धंद्यातून झालेला पहिला वार्षिक नफा २०२३ चा, १.१ अब्जांचा, पुढल्या वर्षी तो २.८ अब्ज झाला. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील पाचशे अग्रगण्य कंपन्यांच्या निर्देशांकात उबरला स्थान मिळाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने स्वतःचेच ७ अब्ज डॉलरांपर्यंतचे समभाग परत विकत घेण्याची घोषणा केली. ४५ डॉलरांना घेतलेला समभाग ज्यांनी १५ डॉलरांच्या दिवशीही विकला नाही त्यांना २०२५ मध्ये ९० डॉलरांच्या वरचा भाव पाहावयास मिळाला. संस्थापक कलानिक त्यांत नव्हते. आपले सर्व समभाग विकून २०१९ संपताना त्यांनी संचालकपदही सोडले होते.

वहीतील नोंदीने उत्पन्न फुगण्याचा हा प्रकार केवळ परदेशचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. ज्या झोमॅटोला उबरने आपले भारतातील डबे सोपविले, ती कंपनी जुलै २०२१ मध्ये मुंबईच्या बाजारात सूचिबद्ध झाली आणि २०२५ पासून एटर्नल हे नाव धारण करून वावरते. ब्लिंकिट या तिच्या किराणा पोचविण्याच्या शाखेत आजवर माल दुसऱ्या विक्रेत्यांचा असे आणि कंपनी अडत घेई. २०२५ मध्ये तिने माल स्वतःच विकत घेऊन विकण्यास आरंभ केला. त्याबरोबर पिठाच्या पिशवीची सबंध किंमत उत्पन्न म्हणून लिहिली जाऊ लागली. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत कंपनीचे उत्पन्न मागील वर्षीच्या तुलनेत १८३ टक्क्यांनी वाढून १३,५९० कोटी रुपये झाले, आणि नफा १७६ कोटींवरून ६५ कोटींवर आला. लंडनची गोष्ट या कंपनीच्या गुरुग्रामात पुन्हा घडली. फरक इतकाच की, येथे न्यायालयाने ढकलले नव्हते.

उबरच्या स्वतःच्या भारतीय कारभारात याच्या नेमके उलट घडत आहे. या देशात ती २०१३ मध्ये बंगळूर येथे आली, आणि मुळात क्रेडिट कार्डावाचून भाडे न घेणाऱ्या या कंपनीला येथील प्रवाशांच्या खिशाकडे पाहून २०१५ मध्ये हैदराबादेत प्रथमच रोख पैसे स्वीकारावे लागले. रोखीने वहीची दिशाच फिरते. कार्डाने दिलेले भाडे आधी कंपनीच्या हाती पडते आणि चालक तिचा धनको होतो. रोख भाडे आधी चालकाच्या हाती पडते आणि तो तिचा बाकीदार होतो. मुंबईत एका चालकाने गाडी दारात उभी करण्यापूर्वीच ‘काका, कॅश की ऑनलाइन?’ असे मला फोनवर विचारले, तेव्हा मी मनातून वैतागलो होतो. ही खतावणी चाळल्यानंतर त्याचा प्रश्न मला अर्थशास्त्रदृष्ट्या निर्दोष वाटू लागला आहे. धनको होऊन वाट पाहण्यापेक्षा बाकीदार होऊन पैसा खिशात ठेवणे केव्हाही बरे.

रिक्षांच्या बाबतीत तर अडतीचाच त्याग झाला आहे. शेतजमीन कसावयास देताना आपल्याकडे दोन रीती आहेत: पिकाचा वाटा घ्यावयाचा ती बटाई, आणि पीक येवो न येवो ठरलेली रक्कम घ्यावयाची तो खंड. प्रतिस्पर्ध्यांनी रिक्षावाल्यांकडून टक्केवारी घेणे सोडून दिवसाचे ठरावीक शुल्क घेण्यास आरंभ केला, तेव्हा उबरलाही बटाई सोडून खंडावर यावे लागले. फेब्रुवारी २०२५ पासून भारतातील तिच्या रिक्षांचे भाडे प्रवासी थेट चालकाच्या हाती, रोखीने किंवा यूपीआयने, देतो, आणि चालक कंपनीला ठरावीक शुल्क भरतो. फेरी पन्नास रुपयांची असो की पाचशेंची, त्या भाड्यातील एक पैसाही आता अडत म्हणून कापला जात नाही.